न सांपडलेल्या कणांचा शोध

“इतकीं वर्षें शोधूनही जें सांपडलें नाहीं, त्यासाठीं एवढे श्रम व पैसा कशाला?” असा प्रश्न कित्येक सुज्ञ पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

पुण्याच्या हुजूरपागेंत शिकलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) पुढें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या. प्रत्येक ज्ञात मूलकणाला एकेक जोडीदार कण असावा, असें ‘सुपरसिमेट्री’ नांवाचा सिद्धांत सांगतो. हे जोडीदार कोणत्या खुणांनीं ओळखावे, याचा विचार त्यांनीं अनेक वर्षें केला. जिनीव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रांत २०१२ सालीं हिग्ज बोसॉन सांपडला. हे जोडीदार मात्र अद्याप सांपडलेले नाहींत.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? मला तसें वाटत नाहीं. भिवंडीचा विणकर तुटलेला धागा शोधतांना शाबूत धागे एकेक करून बाजूस सारतो. त्याचप्रमाणें, सिद्धांताची साधी मांडणी धरल्यास, यांतील कांहीं कण प्रोटॉनच्या सुमारें २,००० पटींहून हलके नाहींत, एवढें आज ठरलें आहे. हेंही ज्ञानच होय.

विद्यार्थ्यांनो, प्रयोगाचें उत्तर जमलें नाहीं म्हणजे तुमच्यापैकीं कांहीं जण पुस्तकांतील आंकडा वहींत उतरवितात. असें करूं नका. जें दिसलें नाहीं, तें दिसलें नाहीं असेंच लिहा. आणि पालकहो, अशा प्रामाणिक वहीला गुण कमी पडले तरी मुलास रागें भरूं नका.