एका तिथीचा मुक्काम

आमचे तिसगाव ज्या रस्त्यावर वसले आहे, त्यास लोक कल्याण-विशाखापट्टणम महामार्ग म्हणतात. म्हणजे नावावरून पाहता आमच्या वेशीतून एक वाट पश्चिमेच्या खाडीकडे आणि दुसरी पूर्वसमुद्राकडे जाते. परंतु सहा महिने ऊसतोडीवर काढून पाथर्डी तालुक्यातला जो माणूस ऐन उन्हाळ्यात घरी परततो आणि परतल्याबरोबर पाण्याच्या टँकरची वाट पाहू लागतो, त्याच्यापासून समुद्र दोन्ही दिशांना सारखाच दूर राहतो. अशा माणसाने वर्षातला एक दिवस कुटुंबासह समुद्रकाठी स्वस्थ बसून काढावा ही चैन नव्हे, तो त्याचा हक्क आहे. आणि दोन दिवसांत पाच किनारे व तीन देवस्थाने उरकण्याची जी सहल हल्ली रूढ झाली आहे, तिने हा हक्क पदरात पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका वैशाखात, वद्य चतुर्थीस, आम्ही अलिबागेस मुक्काम केला. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पायी केव्हा जाता येईल, असे बोंबील वाळत घालणाऱ्या एका कोळीणआजींना विचारले, तेव्हा हातातले काम न थांबवता त्या म्हणाल्या, ‘‘तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती.’’ चतुर्थीचे तीन. म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. लहानपणी छडीच्या धाकाने घोकलेली पाऊणकी इतक्या वर्षांनी समुद्राच्या कामी आली, याचा मला फार आनंद झाला. घोट्याएवढ्या पाण्यातून, पायाखाली सरकणारी वाळू सांभाळीत आम्ही किल्ल्यात गेलो. शिवछत्रपतींनी ज्याची उभारणी आरंभली व पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे जे ठाणे झाले, त्या किल्ल्यात चहूकडे खारा समुद्र असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. त्या विहिरीशी आमची मंडळी जितका वेळ उभी राहिली, तितका वेळ ती तोफांपाशी राहिली नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसास याचे कारण सांगावे लागत नाही.

दुपारी गाव निजते. पाहुण्यांना ते रुचत नाही. परंतु ज्यांचा दिवस मासळीबरोबर पहाटेपूर्वीच उजाडतो, त्यांची वामकुक्षी ही जुनी वहिवाट आहे व तिचा मान राखला पाहिजे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून वैशाखातली ही उन्हे म्हणजे सुक्या मासळीच्या बेगमीचे अखेरचे दिवस. वाळवणाशेजारून मोटारी धावल्या की धूळ त्या अन्नावर बसते. शांततेसाठीच एक थोर संस्थाही येथे आली आहे: मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असे ठरले, त्या विजेने मुंबईतल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूची विचलित होईल हे ओळखून भूचुंबकीय वेधशाळेची तजवीज १९०४ साली अलिबागेस करण्यात आली. पृथ्वीचे सूक्ष्म स्पंदन टिपण्यास जी निवांतता लागते, ती या गावापाशी होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वाहने पुळणीच्या अलीकडेच थांबवावीत, आणि त्याचा बंदोबस्त केवळ सुट्टीच्या दिवशी न करता कायम करावा. ओल्या वाळूत रुतलेली मोटार भरतीच्या तोंडावर ओढून काढण्याचे काम शेवटी गावकऱ्यांवरच येते. आणि आमच्या गावच्या मंडळींनी एकच ठिकाण निवडावे, तेथे एक भरती व एक ओहोटी तरी पुरती पाहावी, येताना पांढऱ्या कांद्याची एक वेणी आणावी. नगरच्या लाल कांद्यावर वाढलेल्या जिभेला त्याचा गोडवा निराळाच लागतो.

संध्याकाळी आम्ही पुळणीवर बसलो, ते अंधार पडेपर्यंत कोणी उठले नाही. दुसऱ्या दिवशी पंचमी. मुलगा जागा झाला तो बोटांवर मोजीतच, आणि अंथरुणातूनच ओरडून म्हणाला, ‘‘पाच पाऊण पावणेचार!’’