वटवाघळांच्या झाडांना उन्हाळ्यापुरते तरी अभय द्या



वटवाघळे मोसंबी फस्त करतात, म्हणून त्यांच्या विणीच्या काळात वृक्षतोडीला बंदी नको, हे या सदरात आलेल्या एका पत्राच्या लेखकाचे म्हणणे पटत नाही. पाचोडच्या बागांत रात्री फळाला छिद्र पाडून फळगळ घडवतो तो रसशोषक पतंग, आणि पतंग हे तर छोट्या कीटकभक्षी वटवाघळांचे खाद्य. मोठी वटवाघळे फळे खातात हे खरे. पण वड, उंबरावरही त्यांची मोठी भिस्त असते. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होते, साधारण फेब्रुवारी ते मे दरम्यान. सुरुवातीचे काही आठवडे ते आईच्या पोटाला बिलगून असते. पुढे ती चरायला जाताना त्याला फांदीवरच ठेवते. शेते मोकळी म्हणून झाडे पाडतात तीही याच दिवसांत.

मोठ्या फळभक्षी वटवाघळांची जात कुठे दुर्मीळ आहे, असाही त्यांचा आक्षेप आहे. अमेरिकेत लांब कानांचे एक वटवाघूळ बुरशीच्या साथीने खचल्यावर, २०१६ साली, पिल्लांच्या झाडांना जून-जुलैपुरते संरक्षण मिळाले. आपण जात खचेपर्यंत का थांबायचे? फळभक्षी वटवाघळांना 'उपद्रवी' ठरवणारी वन्यजीव संरक्षण कायद्यातील अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेलीच आहे. तोडबंदीची मागणी फक्त वटवाघळांच्या वस्तीच्या झाडांपुरती, फेब्रुवारी ते जूनपर्यंतची आहे. रस्त्यावर झुकलेली धोकादायक फांदी तेव्हाही जरूर उतरवावी.

— एक वाचक, पाचोड (ता. पैठण)