बोट नांगरावर पाहावी

संध्याकाळी गेटवेच्या धक्क्यावर समोर उभ्या असलेल्या यॉट्सकडे बोट दाखवून लोक एकच प्रश्न विचारतात : "केवढ्याला असेल?" कुणी काचा मोजतो, कुणी मजले. बोटीची घडण मात्र कुणी पाहत नाही. यात आमची कोकणी मुस्लिम मंडळीही आली. ज्यांच्या घरात एखादा नाखवा, तांडेल नाहीतर खलाशी होऊन गेला, त्यांनीही फक्त सेल्फी काढावी याचा मला राग आहे.

बोटीची परीक्षा जाहिरातीच्या फोटोत होत नाही, नांगरावर होते. ओहोटी लागलेली असावी आणि वारा उलटा असावा, मग पाहा. खोल, लांब पठाणाची बोट (पठाण म्हणजे तळाचा कणा, सिनेमाशी संबंध नाही) पाण्याच्या ओढीकडे तोंड करून शांत राहते. शेजारची उथळ तळाची तीन मजली मोटरयॉट ओढीला फारशी जुमानत नाही. तिचे उंच अंगच शीड होते आणि ती वाऱ्याकडे वळते, तेही धड नाही, डावीउजवीकडे झुलत. एकाच रांगेतल्या दोघी दोन दिशांना तोंड करतात. साखळी किती सोडायची हा हिशेब चुकला, की एकमेकींवर आदळतात. हल्लीच्या शिडाच्या यॉट्सची मागची बाजूही रुंद आणि सपाट असते, टेबल-सोफे मावावेत म्हणून. मागून बारीक लाट आली की त्या सपाट बुडावर रात्रभर थपडा बसतात. आत झोपणाऱ्याला विचारा.

कुणी म्हणेल, नव्या बोटी वेगवान आहेत, चटकन वळतात, आत जागा ऐसपैस असते. खरे आहे. मांडव्याला जाऊन जेवून परत यायला त्या उत्तम. पण मग तेवढेच म्हणा. दिवाणखान्याला जहाज म्हणू नका.

'सुहैली' मुंबईतच सागवानात बांधली गेली. ३२ फुटांची, विल्यम अ‍ॅटकिनच्या आराखड्यावरची, लांब पठाणाची, पुढूनमागून दोन्हीकडे निमुळती. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणत, तेच तिचे नाव. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ला फालमथहून एकटे निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता पृथ्वीला वळसा घालून २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतले. शर्यतीतल्या ९ जणांपैकी तेवढेच पोचले. वाटेत सुकाणू आपोआप सांभाळणारी यंत्रणा मोडली, तर शिडे जुळवून ठेवल्यावर बोट आपली वाट आपण धरून चालत राहिली. हा गुण तिच्या आकारातला. पॉलिश मारून तो येत नाही.

आज तीच बोट समोर नांगरलेली असती तर आपण "जुनाट आहे" म्हणून कॅमेरा पुढच्या पांढऱ्या प्लास्टिककडे वळवला असता. आणि जो माणूस फरक सांगू शकतो, त्याची आपल्याला लाज वाटते. मुलीचे स्थळ पाहताना वडील खलाशी असतील तर बायोडेटात "मर्चंट नेव्ही" लिहायचे, ही आपली तऱ्हा. त्या निवृत्त वडिलांना एकदा धक्क्यावर न्या. किमती त्यांना ठाऊक नसतील. पण वारा फिरला की यातली कोणती कुणाच्या अंगावर जाईल, ते चहा संपायच्या आत सांगतील.