विश्लेषण : इंदूरचा रात्रीचा सराफा जागेवर राहणार का?

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या सराफा बाजारात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटर खाली येतात आणि थोड्याच वेळात त्याच ओट्यांवर कढया चढतात. मध्यरात्र उलटली तरी गर्दी ओसरत नाही. ही खाऊगल्ली आहे तिथेच ठेवायची की हलवायची, यावर गेली काही वर्षे वाद सुरू आहे. सराफ व्यापारी सुरक्षेचा मुद्दा मांडतात, विक्रेते पिढ्यांचा हक्क सांगतात आणि महापालिका दोघांच्या मध्ये अडकली आहे.

सराफ्यात एवढे काय आहे?

मक्याचे दाणे किसून दुधात शिजवलेला ‘भुट्टे का कीस’, ताटभर आकाराचा जलेबा, मावाबाटी, ओल्या खोबऱ्याची पॅटिस. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर जिरावण मसाला आणि लिंबू. शिकंजीच्या नावावर मात्र जाऊ नये. इंदुरात ते लिंबाचे सरबत नसते, तर सुकामेवा घातलेले दाट दुधाचे पेय असते. उज्जैन-ओंकारेश्वरला निघालेली महाराष्ट्रातली अनेक कुटुंबे इंदुरात एक रात्र काढतात, ती याच्यासाठी. होळकरांच्या या शहरात मराठी घरेही काही कमी नाहीत. त्यांच्याकडे पाहुणा आला की जेवणानंतरचा फेरफटका ठरलेला.

याचे मोल आणखी एका कारणाने आहे. इथे दारू नाही. रात्री बारा वाजता आजी, सून आणि नातवंडे एकत्र फिरताना दिसतात, अशी ठिकाणे देशात किती असतील? इंदूरमध्येच ‘बीआरटीएस’ मार्गालगतची दुकाने २४ तास उघडी ठेवण्याचा प्रयोग २०२२ मध्ये सुरू झाला. रात्रीच्या गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर जुलै २०२४ मध्ये तो गुंडाळावा लागला. सरकारी आदेशाने जे जमले नाही, ते सराफ्यात आपोआप जमून आले होते.

मग सराफांचा विरोध कशासाठी?

जुने लोक सांगतात की, सराफांनीच या विक्रेत्यांना ओट्यांवर बसू दिले. रात्री वर्दळ राहिली की चोराची हिंमत होत नाही, हा त्यामागचा हिशेब. आज राखणीला कॅमेरे आणि अलार्म आहेत. शिवाय मोजक्या जुन्या दुकानांभोवती नूडल्स, मोमो, पिझ्झाच्या गाड्यांची दाटी झाली. गर्दीमुळे संध्याकाळी गिऱ्हाईक आत येत नाही आणि दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवता येत नाही, अशी व्यापाऱ्यांची तक्रार आहे. ती खोटी म्हणता येणार नाही.

आगीचा धोका किती खरा?

खरा आहे. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना जुनी बांधकामे, वरच्या मजल्यांवर कारागिरांच्या खोल्या, आणि खाली रस्त्यावर पेटत्या शेगड्या व उकळते तेल. व्यावसायिक वापराचा एक सिलिंडर १९ किलोचा असतो. असे किती एका ओळीत उभे असतात, ते तिथे गेलेल्याने पाहिलेले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य प्रदेशातच हरदा येथील फटाका कारखान्यात मोठा स्फोट झाला आणि त्यानंतर सराफ्याच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. महापालिकेने समितीही नेमली. अर्थात सोने गाळणाऱ्या भट्ट्यांनाही गॅस लागतो, दागिने उजळायला आम्ल लागते. तपासणी व्हायची तर ती दिवसाच्या सराफ्याचीही व्हायला हवी.

कायदा काय सांगतो?

या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते यावर. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आहेत, तो ‘वारसा बाजार’ घोषित करायचा असतो आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवता येत नाही. सर्वेक्षण करणे आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेल्या नगर पथविक्रेता समितीचे मत घेणे, हेही याच कायद्यात आहे. म्हणजे जुन्या दुकानांना हात लावणे सोपे नाही. काल-परवा आलेल्या गाडीला मात्र हे कवच मिळत नाही.

पारंपरिक पदार्थांची दुकाने ठेवायची आणि बाकीची हटवायची, हा मधला मार्ग त्यामुळे पटण्यासारखा आहे. पण ‘पारंपरिक’ कोण, हे पदार्थावरून ठरवायचे की दुकानाच्या वयावरून? तीस वर्षे डोसा विकणारा बाहेर आणि गेल्या वर्षी कीस विकायला लागलेला आत, असे झाले तर यादी कोर्टात जाईल. निकष वयाचाच हवा, आणि यादी जाहीरपणे लावलेली हवी.

दुसरीकडे हलवले तर?

इंदूरमध्येच ‘छप्पन दुकान’ नव्याने बांधून गाड्यांसाठी बंद केले गेले आणि ते चालते आहे. पण ती मुळात दुकानांचीच रांग होती. सराफ्यातल्या विक्रेत्याचे सारे गणित रात्री रिकाम्या होणाऱ्या ओट्यावर उभे आहे. नव्या इमारतीतल्या गाळ्याचे भाडे चोवीस तासांचे असेल, धंदा मात्र चार-पाच तासांचाच.

यादीच्या आधी पालिकेला एक गोष्ट आजही करता येईल. एखाद्या शनिवारी रात्री अकरा वाजता अग्निशमन दलाचा बंब राजवाड्याकडून गल्लीत आणून पाहावा. तो जिथे अडेल, तिथून गाड्या हटवायला सुरुवात करावी.