पांढरीवर जेसीबी

रस्ते, घरकुलं, पाचोरा-जामनेर 'पीजे' रेल्वेचं ब्रॉडगेज. सगळ्याच कामांना माती लागते. जुन्या गावठाणाच्या टेकाडाची माती, म्हणजे पांढर, तर आपले शेतकरीही ट्रॉल्या भरभरून शेतात टाकतात. राख, हाडं, खापरं मुरलेली ती माती पिकाला मानवते. गिरणाकाठी बहाळला १९५६-५७ साली अशाच टेकाडात ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली होती.

१९५८ चा केंद्रीय कायदा 'संरक्षित' ठरलेल्या वास्तू आणि स्थळं सांभाळतो. २०१०च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवतीची १०० मीटर बांधकामबंदीही कायद्यातच आली. यादीबाहेरच्या पांढरीला मात्र कुणी वाली नाही. अभ्यासकाला उत्खननासाठी दिल्लीचा परवाना हवा, जेसीबीवाल्याला फार तर तहसीलची रॉयल्टी पावती. (तीही असलीच तर!)

फ्रान्सने २००१ साली कायदाच केला: बांधकामाआधी जमीन तपासायची आणि खर्चाचा वाटा बांधणाऱ्याने उचलायचा. आपल्याकडे हे आणायचं तर तपासणार कोण? वास्तुविशारदांना १९७२च्या कायद्याने परिषद मिळाली, नोंदणी मिळाली. पुरातत्त्वज्ञांना तसं काहीच नाही. डेक्कन कॉलेजातून शिकून निघालेल्यांची रीतसर नोंदणी करा, त्यांच्या सहीशिवाय पांढरीवर बकेट चालू देऊ नका. आणि तपासणीचा अहवाल ठरल्या मुदतीत आला नाही, तर त्या पुरातत्त्वज्ञाला पुढचा परवानाही नको. सुरुवात जामनेर तालुक्यातल्या पांढरींच्या नकाशापासून करता येईल. तलाठी दप्तरात गावठाणांच्या नोंदी आहेतच.