काशीत आधार कार्ड सोडून येऊ नका!



काशीयात्रेला गेलं की एक आवडती वस्तू तिथेच सोडायची, हे घरातल्या मोठ्यांकडून तुम्ही ऐकलंच असेल. कुणी एखादी भाजी सोडतं, कुणी एखादं फळ. पण नकळत आपण तिथे आणखीही काही सोडून येतो.

समजा, वाराणसीत गोदौलियाजवळच्या सायबर कॅफेत तुम्ही परतीच्या तिकिटाची आणि आधार कार्डाची प्रिंट काढायला गेलात. पेनड्राइव्हमध्ये पोर्टेबल ब्राउझर आहे. तो इन्स्टॉल करावा लागत नाही आणि आपली हिस्ट्री पेनड्राइव्हमध्येच ठेवतो. काम झालं, पेनड्राइव्ह खिशात टाकला, म्हणजे मागे काही उरलं नाही, असं वाटतं ना?

उरतं! पेनड्राइव्ह कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, बहुतेकदा त्याचा सिरियल नंबरसुद्धा विंडोज आपल्या रजिस्ट्रीत लिहून ठेवतं. ‘प्रीफेच’ फोल्डरमध्ये चाललेल्या प्रोग्रॅमचं नाव आणि वेळ सापडू शकते. विंडोज १० मध्ये तर शेवटच्या ८ वेळा. उघडलेल्या फाइलचं नाव ‘रिसेंट’ यादीत राहतं.

घाबरू नका. या खुणा बहुतेक नावांच्या आणि वेळांच्या असतात, त्यात तुमचा पासवर्ड नसतो. पण त्या कॉम्प्युटरमध्ये कुणी कीलॉगर टाकला असेल, तर टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्याच्या हाती लागतं. तिथे पोर्टेबल ब्राउझरही काही करू शकत नाही.

शिवाय २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार ग्राहकाची ओळख आणि पाहिलेल्या वेबसाइट्स यांची नोंद कॅफेला किमान एक वर्ष ठेवावी लागते.

मग काय करायचं?

• लॉगिन आणि बँकेची कामं स्वतःच्या मोबाइलवरच करा.
• पेनड्राइव्हमध्ये फक्त प्रिंट काढायची फाइल न्या.
• चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात नंबरचे शेवटचे ४ अंकच दिसतात.
• फाइल डेस्कटॉपवर कॉपी झाली असेल, तर ती डिलीट करून रिसायकल बिनही रिकामं करा.
• घरी आल्यावर पेनड्राइव्ह आधी अँटीव्हायरसने तपासा.

आई-बाबा यात्रेला निघाले असतील, तर बॅग भरतानाच त्यांना हे सांगा. काशीत काय सोडायचं ते त्यांनी ठरवावं, कॉम्प्युटरने नको!