पावसाआधी ती तार काढा

तुमच्या दारात, गच्चीवर किंवा मागच्या पडवीत कपडे वाळत घालायला काय बांधलंय? हे वाचता वाचता एकदा उठा आणि बघून या. नायलॉनची दोरी असेल तर बरं आहे. तार असेल, मग ती लोखंडी असो की ॲल्युमिनियमची, तर ती आजच काढा. रविवारची वाट बघू नका.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. गाव बदलतं, बातमी तीच असते. कपडे वाळत घालताना आईला विजेचा धक्का बसला. तिला सोडवायला मुलगा धावला. मुलाला ओढायला वडील धावले. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं एकाच तारेला चिकटून गेली. आपण हळहळतो आणि पान उलटतो. कृपा करून या वर्षी पान उलटू नका. ती बातमी ज्या तारेची असते, तसलीच तार तुमच्या-माझ्या दारात आहे.

हे होतं कसं, ते नीट समजून घ्या. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला टेकलेली असते. वाऱ्याने ती हलते, पत्र्यावर घासते आणि तिचं वरचं वेष्टन झिजत जातं. किंवा अंगणातल्या बल्बची वायर उन्हाने तडकते आणि त्याच पत्र्याच्या अँगलला टेकून राहते. उन्हाळ्यात काही कळत नाही. सगळं कोरडं असतं, पायात चप्पल असते. मग पहिला पाऊस पडतो. पत्रा भिजतो, अँगल भिजतो, करंट अँगलमधून त्याला बांधलेल्या कपड्यांच्या तारेत उतरतो. सकाळी घरातली बाई पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर येते. हात ओले, कपडे ओले, अंगण ओलं आणि पाय अनवाणी. तारेवर पहिलं धुणं टाकते, आणि मूठ आवळली जाते. ती सुटत नाही. करंट हाताचे स्नायूच आखडवून टाकतो, माणसाची इच्छा असूनही बोटं उघडत नाहीत. म्हणून तर धावून आलेला माणूसही अडकतो.

गेल्या वैशाखात मी मावशीकडे गेले होते. तिच्या पडवीत अशीच तार होती. तीसेक वर्षांची, मध्ये दोन ठिकाणी पीळ मारून जोडलेली. एक टोक पडवीच्या अँगलला, दुसरं पेरूच्या झाडाला. त्याच अँगलवरून बाहेरच्या बल्बची वायर गेली होती आणि ती हलू नये म्हणून जुन्या साडीच्या चिंधीने घट्ट बांधली होती. मेन बंद करून ती चिंधी सोडली. खाली वायरच्या वेष्टनाला बोटभर चीर पडली होती आणि आत तांबं चकचकत होतं. मावशी शेजारी उभी होती. म्हणाली, "पावसात कधीमधी झिणझिण्या येतात गं त्या तारेला. मी आपली पदराने धरते."

पदराने. पावसात भिजलेल्या पदराने.

तुमच्या घरीही कुणी असं म्हणत असेल. फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात. मोटार चालू असताना नळाला चुणचुणतं. कूलरला पाठ लागली की झटका बसतो. अशा वेळी आपण "थोडंसंच आहे" म्हणून चप्पल घालतो आणि काम उरकतो. या झिणझिण्या म्हणजे घराने तुम्हाला मारलेली हाक आहे, ती ऐका. आज घरातल्या प्रत्येकाला विचारा: कुठे हात लावला की मुंग्या येतात? आईला विचारा, मुलांना विचारा, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तर आवर्जून विचारा. ओल्या हातांनी घरभर वावरतात त्या, पण आपणहून सांगणार नाहीत.

आता तार कशी काढायची ते सांगते. आधी मेन स्विच बंद करा. पायात कोरडी रबरी चप्पल घाला. मग टेस्टर तारेला आणि अँगलला लावून बघा. मेन बंद असूनही टेस्टर पेटला, तर तिथून मागे व्हा आणि कुणालाही जवळ येऊ देऊ नका. कारण सर्व्हिस वायर मीटरच्या आधी असते. तुमच्या मेनने ती बंद होत नाही. तिथे तुमचं काम फक्त फोन करण्याचं: १९१२ वर वीज कंपनीला कळवा आणि त्यांचा माणूस येईपर्यंत राखण करा. टेस्टर पेटला नाही तरी निर्धास्त होऊ नका, टेस्टरही दगा देतो. कोरड्या हातांनी, पक्कडीच्या रबरी मुठीला धरूनच तार तोडा.

तिच्या जागी नायलॉनची दोरी बांधा. कोपऱ्यावरच्या दुकानात ती मीटरवर मिळते. अँगल, पत्रा, लोखंडी खांब यांना ती बांधू नका. झाडाला बांधा, लाकडी खांबाला बांधा, नाहीतर भिंतीत प्लास्टिकचा गट्टू ठोकून हूक लावा. वरून किंवा शेजारून विजेची वायर जात नाही ना, हे बघा. आणि विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला दोरी कधीच बांधू नका. गावाकडे त्या ताणाला म्हैसही बांधतात. शेजारच्या घरी बांधलेली दिसली, तर सांगायला संकोचू नका.

मावशीची तार काढून दोरी बांधायला आम्हाला अर्धा तासही लागला नाही. बल्बची वायर मात्र टेप गुंडाळून ठेवली नाही, आख्खी बदलली. काळ्या टेपवर एवढा भरवसा कुठून आला आपल्याला, कोण जाणे! उन्हात तिचा चीक सुटतो, पावसात तिच्या आत पाणी शिरतं. दोन वायरींना पीळ मारून वर टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. उघड्यावर, ओलाव्यात असा जोड असेल तर वायर बदला.

आता घरात या. बोर्ड उघडा आणि नुसतं बघा. एमसीबीची छोटी बटणं बहुतेक घरांत असतात आणि ती आहेत म्हणून आपण निवांत असतो. पण एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सोळा ॲम्पिअरचा एमसीबी सोळा ॲम्पिअरपर्यंत करंट खुशाल जाऊ देतो. माणसाचा जीव जायला त्याचा अगदी किरकोळ अंशही पुरतो. माणसासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. पुष्कळ वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात लावतात तो ३० मिलिॲम्पिअरचा, म्हणजे ॲम्पिअरच्या शंभरातल्या तीन भागांचा. तेवढा करंट वाट चुकून कुणाच्या अंगातून जाऊ लागला, तर तो निमिषार्धात वीज तोडतो.

त्याच्यावर "टी" अक्षराचं एक बारीक बटण असतं. वीज चालू असताना ते दाबा. खटका खाली पडला पाहिजे. पडला, तर पुन्हा वर करा आणि दर महिन्याला, हवं तर वीजबिल आलं की, तेवढं करत जा. पडला नाही, तर ते उपकरण तुम्हाला वाचवणार नाही, लगेच बदलून घ्या. घरात ते नसेलच, तर परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. खर्च येईल. पण घरातल्या प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलची किंमत आठवा आणि मग ठरवा. मीटरच्या आधी दोष असेल तर मात्र आरसीसीबीही उपयोगी पडत नाही. म्हणून दारातली तार आधी.

एक काम तुम्ही स्वतः सहज करू शकता, ते थ्री पिन टॉपचं. कूलर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटार, सगळ्यांचे टॉप भिंतीतून बाहेर काढा आणि स्क्रू खोलून आत बघा. आत हिरवी वायर आहे का? पुष्कळदा ती कापलेली सापडते. कधीतरी कुणीतरी "दोन वायरीवर चालतंय की" म्हणून ती तोडलेली असते. चालतं, हे खरं. पण बॉडीत करंट उतरला तर त्याला जमिनीकडे जायची वाट तीच एक असते. ती नसली, तर तो तुमची वाट बघतो. वरची लांब, जाड पिन याच वायरसाठी केलेली आहे. ती लांब असते कारण टॉप लावताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर त्या पिनेला लावा, तपकिरी किंवा लाल फेजला, निळी किंवा काळी न्यूट्रलला. हिरवी वायर आतमध्ये बाकीच्या दोघींपेक्षा जरा सैल ठेवा, म्हणजे कुणी हिसका मारलाच तर ती शेवटी तुटेल. तारेचा एकही केस बाहेर राहू देऊ नका. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या माझ्या वाचकांनो, लोखंडी कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका. टॉप भिंतीतून काढा. प्रत्येक वेळी.

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरच्यांना एवढं सांगा. कुणी तारेला चिकटलं, तर त्याला हात लावायचा नाही. पोटचं पोर असलं तरी नाही. हे ऐकायला फार जड आहे, तरीही सांगा. आधी मेनकडे धावायचं. मेन कुठे आहे, हे आजीला आणि दहा वर्षांच्या नातवालाही ठाऊक हवं, म्हणून जेवण झालं की दोघांना हाताला धरून दाखवा. मेन बंद होत नसेल किंवा बंद करूनही तो सुटत नसेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या बांबूने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून ढकला. मग १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोराने दाबत राहा. प्रत्येक वेळी छाती सुमारे पाच सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका.

आणि एक मागणं आहे. दोरी घ्याल तेव्हा दुप्पट घ्या. सोसायटीच्या वॉचमनची पत्र्याची खोली बघा. बांधकामावरच्या मजुरांच्या शेडमध्ये डोकावा. शेतावरच्या सालगड्याच्या घराबाहेर काय बांधलंय ते बघून या. तिथे तार असणार. ती काढायला पक्कड आणि टेस्टर त्यांच्याकडे असेलच असं नाही, तुमच्याकडे आहे. जा आणि काढून द्या.

मृग ७-८ जूनला लागतो. वळवाच्या सरी तर त्याआधीच येतात. हातातलं ठेवा, चप्पल घाला, मेन बंद करा आणि तारेपाशी जा.